दिल्लीचे मास्तर रामचंद्र : व्यासंग आणि श्रद्धा

दिल्लीच्या कश्मीरी दरवाजापाशी दोन जुन्या वास्तू आहेत. एक म्हणजे कर्नल जेम्स स्किनर याने बांधविलेले आणि १८३६ साली उपासनेसाठी खुले झालेले सेंट जेम्स चर्च. दुसरी, तेथून थोड्याच अंतरावर असलेली, शहाजहानचा वडील मुलगा दारा शुकोह याचे ग्रंथालय म्हणून ओळखली जाणारी इमारत. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास या दुसऱ्या वास्तूत दिल्ली कॉलेज भरत असे. तेथे गणित आणि विज्ञान शिकविणारा एक कायस्थ तरुण १८५२ साली पहिल्या वास्तूत गेला आणि त्याने ख्रिस्ती धर्माची दीक्षा घेतली. त्याचे नाव रामचंद्र. दिल्लीकर त्याला मास्तर रामचंद्र म्हणत, आणि याच नावाने तो इतिहासात राहिला आहे.

धर्मश्रद्धा स्वीकारल्यावर माणसाच्या विद्येचे काय होते, हा प्रश्न त्या काळी हिंदुस्थानात पुष्कळांना पडत असे. इंग्रजी शिकलेला मुलगा धर्म सोडतो, आणि धर्मांतर केलेला मुलगा विद्या सोडून उपदेशक बनतो, अशी सर्वसाधारण समजूत होती. महाराष्ट्राला या समजुतीचा फोलपणा पुढे चांगलाच कळला. बाबा पदमनजी काय, रेव्हरंड टिळक काय, ख्रिस्ती होऊन मराठीचे लेखक राहिले. आणि पंडिता रमाबाईंनी तर बायबल मराठीत आणण्यासाठी हिब्रू आणि ग्रीक या भाषांचा अभ्यास केला. उतारवयाकडे झुकताना, मुक्तिसदनासारख्या संस्थेचा भार डोक्यावर असताना, दोन परक्या भाषांची व्याकरणे घोकणे हे साधे काम नव्हे. परंतु दिल्लीचे उदाहरण या सर्वांच्या आधीचे आहे आणि एका दृष्टीने अधिक कठीण आहे. गणित हे असे शास्त्र आहे की तेथे श्रद्धेचा आधार घेऊन एक पायरीसुद्धा चढता येत नाही.

रामचंद्रांचा जन्म १८२१ साली पानिपत येथे झाला. पानिपतचे नाव उच्चारताच मराठी मनात दुसरीच आठवण जागी होते. तिच्यानंतर साठ वर्षांनी त्याच गावी, महसूल खात्यात नोकरी करणाऱ्या एका कायस्थाच्या घरी हा मुलगा जन्मला. वडील लवकर वारले. आईच्या पदरी सहा मुलगे. १८३३ साली रामचंद्रांचे नाव दिल्लीच्या सरकारी इंग्रजी शाळेत दाखल झाले. गंमत अशी की, पुढे ज्या विषयासाठी ते ओळखले गेले त्या गणिताचे खास शिक्षण त्या शाळेत नव्हते. मिळतील ती पुस्तके घरी आणून त्यांनी हा विषय आपल्या आपण शिकून घेतला. मध्यंतरी संसाराच्या गरजेपोटी शाळा सोडून कारकुनी करावी लागली. १८४१ साली शाळेची पुनर्रचना होऊन तिला कॉलेजचे रूप आले, तेव्हा स्पर्धेत उतरून त्यांनी शिष्यवृत्ती मिळविली आणि विद्यार्थीदशा पुन्हा सुरू केली. १८४४ मध्ये त्याच कॉलेजच्या पौर्वात्य शाखेत पाश्चात्त्य विज्ञानाचे शिक्षक म्हणून त्यांची नेमणूक झाली.

या पौर्वात्य शाखेचे वैशिष्ट्य येथे सांगितले पाहिजे. तेथे अध्यापन उर्दूतून चाले. भूमिती, बीजगणित, पदार्थविज्ञान हे सारे विषय देशी भाषेतून शिकवावयाचे, तर पुस्तके हवीत. ती तयार करण्यासाठी कॉलेजशी संलग्न अशी भाषांतर संस्था होती, आणि रामचंद्र तिचे एक प्रमुख कार्यकर्ते होते. मुंबईस बाळशास्त्री जांभेकर हेच काम मराठीत करीत होते. त्यांनी १८३२ साली ‘दर्पण’ काढले, एल्फिन्स्टन संस्थेत गणित शिकविले आणि मराठी विद्यार्थ्यांसाठी पाठ्यपुस्तके रचली. रामचंद्रांनी १८४५ पासून ‘फवाइद-उल-नाजिरीन’ आणि १८४७ पासून ‘मुहिब्ब-ए-हिंद’ ही उर्दू नियतकालिके चालविली. त्यांत विज्ञान, इतिहास, थोरांची चरित्रे आणि समाजातील खुळचट चालींवर टीका असे लेखन येई. दोघांची गाठ पडल्याचे दिसत नाही; परंतु एकाच वेळी, एकाच दुखण्यावर, दोन दूरच्या शहरांत तोच उपाय चालू होता.

आता त्यांच्या गणिताकडे वळू. १८५० साली रामचंद्रांनी कलकत्त्यास स्वखर्चाने एक इंग्रजी ग्रंथ छापून घेतला. कमाल आणि किमान मूल्यांची उदाहरणे बीजगणिताने सोडविणे हा त्याचा विषय. कमाल-किमान म्हणजे काय, ते एका व्यवहारातील उदाहरणाने पाहता येईल. समजा, एका शेतकऱ्याजवळ ४० हात दोर आहे, आणि त्या दोराने वेढता येईल असा चौकोनी वाफा त्याला आखावयाचा आहे. त्याचे सर्व कोन काटकोन हवेत. लांबी आणि रुंदी मिळून २० हात झाली पाहिजे. लांबी १२ आणि रुंदी ८ घेतली तर क्षेत्रफळ ९६ चौरस हात भरते. ११ आणि ९ घेतली तर ९९. लांबी किती घ्यावी म्हणजे क्षेत्रफळ सर्वांत अधिक येईल?

युरोपात हा प्रश्न न्यूटन आणि लायब्निट्स यांच्या कलनगणिताने सोडवीत. रामचंद्रांनी दुसरा मार्ग धरला. क्षेत्रफळ अमुक एक आहे असे मानावे आणि वर्गसमीकरण मांडावे. मग उत्तर असे येते की, १०० मधून ते क्षेत्रफळ वजा करून त्याचे वर्गमूळ काढावे. ते १० मध्ये मिळविले की लांबी आणि १० मधून वजा केले की रुंदी. क्षेत्रफळ ९६ मानले तर ४ चे वर्गमूळ २, म्हणून १२ आणि ८. क्षेत्रफळ १०० मानले तर शून्य उरते, म्हणून १० आणि १०. परंतु कोणी १०१ मानले, तर ऋण एकचे वर्गमूळ काढण्याची पाळी येते, आणि तसली लांबी कोणत्याही दोराने मोजता येत नाही. म्हणजे १०० च्या पुढे जाणे अशक्य. १०० हीच कमाल, आणि वाफा समचौरस हवा. जेथे उत्तर अशक्य होऊ लागते ती कड शोधावयाची, एवढीच या पद्धतीची गुरुकिल्ली आहे. साध्या उदाहरणात ती सोपी वाटते. रामचंद्रांनी तीच पद्धत घनसमीकरणांसारख्या अवघड जागीही चालवून दाखविली, आणि त्यासाठी लागणाऱ्या क्लृप्त्या त्यांच्या स्वतःच्या होत्या.

हा खटाटोप कशासाठी? कलनगणित त्यांना येत नव्हते असे मुळीच नाही. त्यांचा विचार असा की, हिंदुस्थानातील विद्वानांना बीजगणित परके नाही. भास्कराचार्यांचे बीजगणित त्यांच्याजवळ आहे. तेव्हा नव्या विद्येकडे त्यांना न्यावयाचे तर त्यांच्या ओळखीच्या दारातून न्यावे. येथे महाराष्ट्राने कान टवकारावेत असा धागा आहे. चाळीसगावजवळच्या पाटणे येथील इ. स. १२०७ चा शिलालेख सांगतो की, भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांच्या ग्रंथांचे अध्ययन चालावे म्हणून तेथे मठ स्थापन केला आणि त्याला दाने मिळाली. त्या मठानंतर सहाशेहून अधिक वर्षांनी, फारसी-उर्दूच्या वातावरणात वाढलेला दिल्लीचा एक शिक्षक त्याच ग्रंथकाराचा आधार घेऊन नवी इमारत उभारू पाहत होता.

ग्रंथाचे स्वागत मात्र थंडे झाले. कलकत्त्याच्या इंग्रजी समीक्षकांनी त्याची उपेक्षापूर्ण चिकित्सा केली. रामचंद्रांनी उत्तर लिहिले; मनोरथ ढासळल्याची कबुलीही दिली. परंतु बेथून नावाच्या एका उदार अधिकाऱ्याने, ज्याने १८४९ साली कलकत्त्यास मुलींची शाळा काढली होती त्यानेच, या ग्रंथाच्या प्रती घेतल्या आणि काही इंग्लंडला धाडल्या. त्यातील एक ऑगस्टस डी मॉर्गन याच्या हाती पडली. डी मॉर्गन हा तर्कशास्त्र आणि बीजगणित यांत युरोपभर गाजलेला गणिती. त्याचा जन्मही आपल्याच देशातला, मदुरा येथील. या पुस्तकात केवळ हुशारी नव्हे, स्वतंत्र विचार करू पाहणारे एक हिंदी मन त्याला दिसले. त्याने ईस्ट इंडिया कंपनीच्या संचालकांपाशी चिकाटीने पाठपुरावा केला. त्याचे फळ म्हणून रामचंद्रांना खिलत आणि २,००० रुपये देण्यात आले, आणि १८५९ साली डी मॉर्गनच्या विस्तृत प्रस्तावनेसह ग्रंथ लंडनला पुन्हा छापला गेला.

त्या प्रस्तावनेत रामचंद्रांचे आत्मनिवेदन समाविष्ट आहे, आणि त्यांच्या श्रद्धेचा प्रवास आपल्याला त्यातूनच कळतो. कॉलेजात शिकलेल्या त्यांच्या पिढीने मूर्तिपूजेवरचा विश्वास केव्हाच सोडला होता. पण त्याच्या जागी दुसरा धर्म घ्यावा असे कोणालाच वाटत नव्हते. बुद्धी आणि सदसद्विवेक पुरेसे आहेत, आणि शिकलेले इंग्रजही मनातून तसेच मानीत असणार, बायबल वगैरे अडाण्यांसाठी, अशी त्यांची ठाम समजूत होती. एकदा रविवारी केवळ कुतूहलाने ते चर्चमध्ये गेले. ज्या इंग्रजांच्या विद्वत्तेविषयी त्यांना आदर होता, अशी काही माणसे तेथे गुडघे टेकून मनोभावे प्रार्थना करताना दिसली. एवढ्याने ते ख्रिस्ती झाले नाहीत. त्यांना इतकेच कळले की आपण एक गोष्ट न तपासता खरी धरून चाललो होतो. म्हणून ते घरी येऊन वाचू लागले. नवा करार वाचला, कुराणाचे इंग्रजी भाषांतर वाचले, तुलना केली, चर्चा केल्या. गणितात उदाहरण सोडविण्यापूर्वी जशी पूर्वतयारी करावी तशीच ही तयारी होती. १८५२ साली त्यांनी आणि शहरातील प्रसिद्ध वैद्य डॉक्टर चमनलाल यांनी बाप्तिस्मा घेतला, तेव्हा दिल्लीत मोठी खळबळ उडाली. रामचंद्र त्या वेळी तिशीचे होते, ग्रंथकार होते, मानमान्यता मिळालेले शिक्षक होते. दारिद्र्यामुळे वा आमिषाने हे घडले, असे म्हणण्याची सोय त्यांनी कोणालाही ठेवली नव्हती.

यानंतर त्यांनी काय केले, हे अधिक महत्त्वाचे आहे. ते पाद्री झाले नाहीत. पूर्वीप्रमाणेच कॉलेजात जाऊन बीजगणित शिकवीत राहिले. त्यांच्या वर्गात बहुतेक मुले हिंदू आणि मुसलमान. नझीर अहमद आणि झकाउल्ला हे त्यांचे शिष्य. नझीर अहमद पुढे उर्दू कादंबरीचे जनक मानले गेले. झकाउल्ला गणिताचे प्राध्यापक झाले आणि त्यांनी उर्दूत गणिताची व इतिहासाची पुस्तके अक्षरशः ढिगाने लिहिली. झकाउल्ला अखेरपर्यंत निष्ठावान मुसलमान राहिले. त्यांच्या वृद्धापकाळी दीनबंधू अँड्रूज यांचा त्यांच्याशी निकट स्नेह जडला, आणि अँड्रूज यांनी लिहिलेले त्यांचे चरित्र १९२९ साली प्रसिद्ध झाले. गुरूकडून घ्यावयाचे ते गणित शिष्याने घेतले, धर्म घेतला नाही, आणि त्याच्या विद्येत त्यामुळे काही उणे पडले नाही. रामचंद्रांनी स्वतः इस्लामवर टीका करणारी वादग्रस्त पुस्तकेही लिहिली, हे लपविण्याचे कारण नाही. त्या पुस्तकांत त्या शतकाच्या वादविवादाचा कडवटपणा आहे, आणि आज ती गणिताच्या ग्रंथाइतकीही कोणी उघडीत नाही. ज्याने वर्गात सर्वांना सारखे शिकविले त्याला लेखणी हाती घेतल्यावर तो समतोल नेहमीच साधला, असे म्हणता येणार नाही.

१८५७ च्या मे महिन्यात मीरतहून उठलेले शिपाई दिल्लीत शिरले. ११ मे रोजी डॉक्टर चमनलाल मारले गेले. कॉलेजचे प्राचार्य टेलर यांचीही हत्या झाली, आणि ग्रंथालयाची धूळधाण झाली. रामचंद्रांचा शोध चालू होता. ज्यांनी धर्मांतराबद्दल त्यांना दूर लोटले असते तरी कोणी आश्चर्य केले नसते, त्या आप्तांनी आणि घरच्या नोकरांनीच त्यांना लपविले, आणि मग खेड्यांतून वाट काढीत ते इंग्रजांच्या छावणीस पोचले. तेथे त्यांना भाषांतराचे काम मिळाले.

परंतु दिल्ली इंग्रजांच्या हाती आल्यावरही त्यांची सुटका झाली नाही. शहरातील सरसकट सूडसत्रात गोऱ्या अधिकाऱ्यांना त्यांचा धर्म दिसला नाही, त्यांचा वर्ण तेवढा दिसला. त्यांच्या घरावर मातीच्या गोळ्यांचा मारा होई. रस्त्यात एका अधिकाऱ्याने त्यांना काठीने मारले, आणि आपण ख्रिस्ती आहोत असे सांगितल्यावर त्यांच्या काळ्या रंगावरून शिवी दिली. १८५७ च्या नोव्हेंबरात त्यांनी दिल्लीच्या लष्करी अधिकाऱ्याकडे याबद्दल लेखी तक्रार केली. बंडवाल्यांच्या हाती सापडतो तर धर्मासाठी मेलो असतो याचे समाधान असते, परंतु स्वधर्मीयांकडून ही वागणूक सोसवत नाही, असा त्या पत्राचा आशय आहे. सहा महिन्यांच्या आत एकाच माणसाला एका पक्षाने ख्रिस्ती म्हणून आणि दुसऱ्याने हिंदी म्हणून धोक्यात घातले. श्रद्धेने त्यांना कोणत्याही बाजूचे अभय मिळवून दिले नाही. उभे राहावयास जागा मिळाली ती हातातील विद्येमुळे. १८५८ च्या आरंभी रुडकीच्या थॉमसन अभियांत्रिकी कॉलेजात त्यांना शिक्षकाची जागा मिळाली, आणि त्याच वर्षी दिल्लीत नव्याने निघालेल्या सरकारी शाळेचे ते मुख्याध्यापक झाले. ज्या शहरात जीव वाचविण्यासाठी लपावे लागले, त्याच शहरात त्यांनी पुन्हा फळ्यापुढे उभे राहून शिकविण्यास प्रारंभ केला.

१८६३ साली त्यांचा दुसरा गणितग्रंथ निघाला. तो कलनगणिताच्याच एका नव्या पद्धतीविषयी होता. अर्थात ज्या विद्येला वळसा घालण्याची त्यांनी पहिल्या ग्रंथात खटपट केली, तिच्याशीच त्यांनी आता सरळ झुंज घेतली. पुढे प्रकृतीमुळे सरकारी नोकरी सोडून ते पतियाळा संस्थानात गेले, तेथील तरुण महाराजांचे शिक्षक झाले आणि नंतर संस्थानच्या शिक्षणखात्याची धुरा त्यांच्याकडे आली. १८८० च्या ऑगस्टमध्ये त्यांचे निधन झाले.

त्यांचा पहिला ग्रंथ ज्या हेतूने लिहिला गेला तो सफल झाला का? नाही, असेच उत्तर द्यावे लागते. कलनगणिताचा मार्ग जवळचा होता, शाळा-कॉलेजांनी तोच घेतला, आणि लंडनची आवृत्ती डी मॉर्गनच्या आशेप्रमाणे हिंदुस्थानच्या वर्गावर्गांत पोचली नाही. शिवाय हिंदी बुद्धीला बीजगणित मानवते, कलनगणित परके, हे त्यांचे गृहीतही तेवढेसे खरे नव्हते. ग्रहांची तात्कालिक गती काढताना भास्कराचार्यांनी कलनगणिताच्या मूळ कल्पनेस हात घातला होता, आणि केरळच्या ज्योतिर्विदांनी ती पुष्कळ पुढे नेली होती. रामचंद्रांच्या काळी दिल्लीत हे कोणास ठाऊक असण्याचा संभव नव्हता. तथापि ज्या भास्कराच्या आधाराने त्यांनी त्या नव्या विद्येला वळसा घातला, त्याच्याच सिद्धांतग्रंथात तिचे बीज पडलेले असावे, ही विद्येच्या इतिहासातील एक चटका लावणारी गोष्ट होय.

रामचंद्र आणि चमनलाल यांच्या धर्मांतरातून दिल्लीत ज्या मिशनला चालना मिळाली ते १८५४ साली सुरू झाले. केंब्रिजहून आलेल्या मंडळींनी पुढे त्याला बळ दिले, आणि रामचंद्रांच्या मृत्यूला सहा महिने होतात न होतात तोच, १८८१ च्या फेब्रुवारीत, चांदणी चौकालगतच्या वस्तीत सेंट स्टीफन्स कॉलेज उघडले. पंचवीस वर्षांनी तेथे प्राचार्याची जागा रिकामी झाली. सुशीलकुमार रुद्र हे बंगाली ख्रिस्ती अध्यापक तेथे वीस वर्षे शिकवीत होते. तरीही हिंदी माणसाच्या हाताखाली कॉलेजची शिस्त टिकेल की नाही, याची शंका मिशनमध्ये काहींना होती. धर्म एक, काम एक, अनुभव अधिक, पण शंका रंगाची. अँड्रूज त्या वेळी तेथेच अध्यापक होते. ती जागा त्यांच्याकडे चालून येत असता त्यांनी ती नाकारली आणि रुद्र यांच्यासाठी हट्ट धरला. १९०६ साली रुद्र प्राचार्य झाले आणि १९२३ पर्यंत त्या जागी राहिले. १९१५ मध्ये गांधीजी दिल्लीस आले ते त्यांच्याच घरी, कश्मीरी दरवाजाजवळच्या कॉलेजच्या आवारात, सेंट जेम्स चर्चपासून हाकेच्या अंतरावर उतरले.